शेजारच्या पंखावर नजर

4 सप्टेंबर 1964. बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या धावपट्टीच्या कडेला तुम्ही उभे आहात. समोर एक बुटकं, गोलसर नाकाचं जेट विमान. आत दोन आसनं, तीही शेजारी शेजारी, म्हणजे शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याचे हात दिसावेत. त्याचं नाव किरण. आराखडा डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचा हा माणूस जर्मनीत ग्योटिंगेनला थेट लुडविग प्रांट्लकडे हवेचं शास्त्र शिकून आला. आज त्यांचं विमान पहिल्यांदा जमीन सोडतंय. आकाशात नक्षी काढणं कुणाच्या मनातही नाही. हवाई दलाला नव्या पोरांना जेट शिकवायला एक भरवशाचं विमान हवंय, एवढंच.

पुढे चला. 1982. हवाई दलाचा सुवर्णमहोत्सव, आणि डोक्यावर हंटर विमानांचं ‘थंडरबोल्ट्स’ हे हवाई कसरतींचं पथक. हंटर मुळात लढाऊ विमान, देखणं आणि मोठ्या आवाजाचं. मान वर करून बघून घ्या, कारण हे दशक सरता सरता हंटरचं वय होईल आणि पथकही थांबेल.

आता कर्नाटकातल्या बिदरच्या हवाई तळावर उतरा. इथे मात्र घाई नको.

नव्वदीचं दशक सरत आलंय. पायाखाली तांबडी जांभ्याची माती. 1996 साली इथे ‘सूर्यकिरण’ हे नवं कसरतींचं पथक उभं राहिलं आणि त्याच्या वाट्याला आलं तेच शिकाऊ विमान, किरण मार्क 2. याचं ऑर्फियस इंजिन म्हणजे पासष्टच्या युद्धात नाव कमावलेल्या नॅट या लढाऊ विमानाच्याच घराण्यातलं. तांबड्या-पांढऱ्या रंगाची नऊ विमानं रांगेत उभी आहेत. तुम्ही एकात चढता. वैमानिक तुमच्या शेजारीच बसलाय, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. घाटग्यांच्या त्या दोन आसनांचा आज तुम्हाला असा उपयोग होतोय.

वर गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानात येते: हा माणूस समोर बघतच नाही. त्याची मान वळलेली आणि नजर शेजारच्या विमानावर खिळलेली. त्या विमानावरच्या ठरलेल्या खुणा एका रेषेत दिसल्या की आपण जागेवर आहोत. रेषा जराशी मोडली की हात हलतो. हालचाल इतकी बारीक, की मनगट हललं की नुसता तुम्हाला भास झाला, ते सांगता येत नाही. दोन पंखांमध्ये जेमतेम काही मीटरांचं अंतर. क्षितिज, जमीन, पुढची वाट, हे सगळं बघायचं ते एकट्या लीडरनं. बाकी आठ जण त्याच्या शब्दावर उडतात.

लूप सुरू होतो. अंग आसनात रुततं, हात उचलवत नाहीत, गाल खाली ओढले जातात. शेजारच्याची नजर तीच, तिथेच. लीडर इंजिनाचा पूर्ण जोर कधीच लावत नाही, कारण मागच्यांना सावरून घ्यायला काही शिल्लक राहायला हवं. वळताना बाहेरच्या विमानाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. शेपटीकडच्याला पुढच्यांनी घुसळलेली हवा सोसावी लागते. खालून ही सगळी रचना एकसंध दिसते. मला तर यातली सर्वांत मोठी कसरत लीडरनं राखून ठेवलेला तो थोडासा जोरच वाटतो. मागच्यांची एवढी काळजी घेणारा पुढारी असेल तरच आठ माणसं त्याच्यावर भरवसा ठेवून जमिनीकडे उलटी झेपावतील.

‘स्मोक ऑन.’ इंजिनाच्या तापलेल्या झोतात डिझेल सोडलं जातं, त्याची वाफ होते आणि बाहेरच्या गार हवेत तिची शुभ्र रेघ उमटते.

फेब्रुवारी 2011, बंगळुरूजवळचा येलहंका हवाई तळ. ‘एअरो इंडिया’ या विमान-प्रदर्शनात तुम्ही गर्दीत उभे आहात आणि किरणच्या या रेघा शेवटच्या बघताय. कारण साधं आहे, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. दोन वर्षांपूर्वी अपघातानंतर एचपीटी-32 ही प्राथमिक प्रशिक्षणाची विमानं जमिनीवर बसली, शिकवायला विमानं कमी पडू लागली. म्हणून किरण परत वर्गात चाललंय. शिकाऊ पोरांसाठी जन्मलेलं विमान त्यांच्याचसाठी माघारी फिरलं. पंधरा वर्षांत 2006 आणि 2009 साली बिदरजवळच्या सरावांत पथकानं तीन वैमानिक गमावले होते. तरी ते थांबलं नव्हतं. थांबलं ते विमानांच्या टंचाईनं.

2015 पासून पथक पुन्हा उभं राहू लागतं, आता हॉक विमानांवर. हेही प्रशिक्षणाचंच विमान, पण आसनं एकामागे एक. रचना मूळची ब्रिटिश, बांधणी बंगळुरूची. पुढे तिरंगी धुराचे पॉड तयार करायला नाशिकच्या हवाई दलाच्या दुरुस्ती डेपोचे हात लागतात.

19 फेब्रुवारी 2019. परत येलहंका. उद्या प्रदर्शन सुरू व्हायचंय, आज सराव. दोन हॉक हवेत एकमेकांना भिडतात. छत्र्या उघडलेल्या तुम्हाला दिसतात. दोन वैमानिक वाचतात. विंग कमांडर साहिल गांधी वाचत नाहीत. बिदरला त्या तांबड्या-पांढऱ्या विमानात बसून आलात, म्हणून ते काही मीटर म्हणजे काय, हे आता तुम्हाला कुणी सांगायची गरज उरलेली नाही.

जानेवारी 2024. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जागा नाही. पोरं बापांच्या खांद्यावर, मोबाइल वर धरलेले. समुद्रावरून हॉक येतात, वळतात, फाकतात. दोन विमानं धुरानं बदाम काढतात आणि गर्दी ओरडते. तुम्ही मात्र धुराकडे बघत नाही. सगळी विमानं पुन्हा एकत्र येऊन लांब निघाली, की तुम्ही मोजायला लागता. आकडा जुळतो. खात्री व्हावी म्हणून, ती ठिपक्याएवढी होईपर्यंत, तुम्ही पुन्हा एकदा मोजता.