पचमढीची सहल : भाड्याची मोटार की रेल्वे?

विशेष प्रतिनिधी, नागपूर

उन्हाळा वाढू लागला की नागपूरकर कुटुंबांत पचमढीचा विषय निघतोच. हे नाते जुने आहे. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी असताना पचमढी ही त्याच प्रांताची उन्हाळी राजधानी होती. सुमारे १,०६७ मीटर उंचीवरील हे ठिकाण आज मध्य प्रदेशातील नर्मदापुरम जिल्ह्यात येते. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड येथेच आहे. विदर्भाला सर्वांत जवळच्या थंड हवेच्या ठिकाणांपैकी हे एक असले, तरी तेथवर रेल्वे जात नाही. त्यामुळे मोटार भाड्याने घ्यावी की रेल्वेने जावे, हा प्रश्न दरवर्षी नव्याने पडतो.

दोन मार्ग

रस्त्याने नागपूर, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया आणि मटकुली असा मार्ग आहे. अंतर सुमारे २५० किलोमीटर. वाटेत सौंसर आणि छिंदवाड्याच्या दरम्यान सिलेवानीचा घाट, पुढे तामियाची वळणे आणि शेवटी मटकुलीनंतरचा पचमढीचा चढ लागतो. थांबे धरून सहा ते सात तास हाताशी ठेवणे इष्ट.

रेल्वेने आमला, बैतूलमार्गे इटारसी गाठायची आणि तेथून जबलपूरच्या मार्गावरील पिपरिया स्थानकावर उतरायचे. पिपरियाहून पचमढी सुमारे ५० किलोमीटर असून बस, जीप व टॅक्सी मिळतात. अमरावती-जबलपूर एक्स्प्रेस नागपूर, इटारसीमार्गे धावते. मात्र नागपूरहून रात्री निघणारी ही गाडी पिपरियाला मध्यरात्रीनंतर पोहोचते. लहान मुले सोबत असताना त्या वेळी घाटातून जाण्यापेक्षा उजाडेपर्यंत थांबणे शहाणपणाचे. दिवसाच्या गाडीने इटारसीला जाऊन तेथे गाडी बदलणे हा दुसरा पर्याय आहे.

तिसरा मार्ग छिंदवाड्याचा. नागपूर-छिंदवाडा ही जुनी नॅरोगेज गाडी २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली आणि २०२१ मध्ये संपूर्ण मार्ग ब्रॉडगेज झाला. परंतु छिंदवाड्याहून पचमढी आणखी सुमारे सव्वाशे किलोमीटर रस्त्याने गाठावी लागते. त्यामुळे वेळ वाचत नाही.

मोटारीच्या भाड्याचे गणित

भाड्याची मोटार घेताना बहुतेक जण फक्त किलोमीटरचा दर विचारतात. खरा खर्च दडलेला असतो तो ‘रोजच्या किमान किलोमीटर’मध्ये. बाहेरगावच्या फेरीसाठी दिवसाला २५० किंवा ३०० किलोमीटरचे भाडे, गाडी उभी राहिली तरी, आकारण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. चालकाचा भत्ता, पथकर व पार्किंग वेगळे.

उदाहरण घेऊ. चार दिवसांची सहल आणि रोजचे किमान २५० किलोमीटर म्हणजे १,००० किलोमीटरचे भाडे. प्रत्यक्षात जाण्या-येण्याचे ५०० आणि गावातले पन्नास-साठ किलोमीटर होतात. किलोमीटरला १४ रुपये दर धरला, तर उभ्या गाडीचेच सहा हजारांहून अधिक रुपये मोजावे लागतात. गाडी केवळ सोडण्यासाठी आणि नंतर आणण्यासाठी घेतली, तर रिकाम्या परतीचे पैसे धरून दोन फेऱ्यांचेही १,००० किलोमीटर होतात. म्हणजे चार दिवसांच्या सहलीत फरक पडत नाही. मुक्काम पाच-सहा दिवसांचा असेल, तरच हा पर्याय स्वस्त ठरतो.

आणखी एक बाब महत्त्वाची. जटाशंकर, पांडव लेणी अशा गावालगतच्या ठिकाणी आपली मोटार चालते. मात्र धूपगडसारख्या जंगल हद्दीतील स्थळांसाठी वनखात्याची परवानगी आणि स्थानिक जिप्सी घ्यावी लागते. हा खर्च रेल्वेने जाणाऱ्यालाही आहे आणि मोटारीने जाणाऱ्यालाही. त्या दिवशी मोटारवाला दोन वाहनांचे भाडे देत असतो.

रेल्वेची बाजू

रेल्वेत माणशी तिकीट लागते, मोटारीत गाडीमागे भाडे. म्हणून तिघा-चौघांच्या कुटुंबाला रेल्वे आणि पिपरियाची टॅक्सी मिळून सहसा स्वस्त पडते. सहा-सात माणसे असतील, तर मोठी गाडी माणशी हिशेबात जवळ येते. ५ ते १२ वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतल्यास २०१६ पासून पूर्ण भाडे द्यावे लागते, हे धरूनच हिशेब करावा. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. सुटीच्या हंगामात परतीचे तिकीट आधी पाहावे. ऑनलाइन काढलेले तिकीट प्रतीक्षा यादीतच राहिले, तर ते आपोआप रद्द होते.

घाटात उलटीचा त्रास होणारी मुले आणि प्रसाधनगृहाची वारंवार गरज भासणारे ज्येष्ठ यांना रेल्वे सोयीची. उलट, ज्यांना जिन्यांची चढउतार आणि सामानासह गाडी बदलणे जमत नाही, त्यांच्यासाठी घराच्या दारातून निघणारी मोटारच बरी.

पाटीचा रंग पाहा

स्वस्तात मिळते म्हणून ओळखीतली पांढऱ्या पाटीची खासगी मोटार भाड्याने नेण्याचा प्रकार सर्रास चालतो. असे वाहन भाड्याने देणे बेकायदा आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते आणि वाचवलेल्या दोन-तीन हजारांची किंमत सबंध कुटुंबाला मोजावी लागते. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असतात. स्वतः चालविण्यासाठी मिळणाऱ्या भाड्याच्या मोटारीला काळ्या पाटीवर पिवळी. राज्याची सीमा ओलांडायची असल्याने पर्यटक परवाना, विमा व फिटनेस प्रमाणपत्र निघण्याआधीच पाहावे. चालकाने आदल्या रात्री गाडी चालवलेली नाही ना, हेही आवर्जून विचारावे. घाटाचा सराव नसेल, तर स्वतः मोटार चालविण्याचा मोह टाळावा.

महाशिवरात्रीची चौरागडची यात्रा आणि नागपंचमीच्या सुमारास भरणारी नागद्वारची यात्रा या काळात विदर्भातून मोठी गर्दी लोटते. सहलीसाठी त्या तारखा टाळलेल्याच बऱ्या.

शेवटचा टप्पा निर्णायक

डोंगरातील सहलीचे साधन ठरते ते शेवटच्या टप्प्यावर. स्वित्झर्लंडमध्ये ३,४५४ मीटरवरील युंगफ्राऊयोखपर्यंत १९१२ पासून रेल्वे जाते आणि झेरमाट गावात पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना प्रवेशच नाही. त्यामुळे तेथे पुष्कळ कुटुंबे मोटारीचा विचारही करीत नाहीत. आपल्याकडे माथेरानला मोटार दस्तुरी नाक्यावरच थांबते. पचमढीत मोटार गावात जाते, पण जंगलाच्या नाक्यावर थांबते. आणि रेल्वे पिपरियालाच थांबते.

तेव्हा माणसे चारपर्यंत, मुक्काम तीन रात्रींहून अधिक आणि आरक्षण पक्के असेल, तर रेल्वे घ्यावी. माणसे सहा-सात, मुक्काम दोन रात्रींचा आणि सोबत चालण्यास अशक्त ज्येष्ठ असतील, तर परवानाधारक मोटार घ्यावी. मात्र दोन्ही बाबतीत शेवटचा घाट दिवसाउजेडीच चढावा.