ताकद की भरवसा?

मॉडेल विमानाचं इंजिन घेताना आपण आधी विचारतो, ताकद किती? अमेरिकेतले मेनार्ड हिल विचारत होते, न थांबता चालेल किती तास? कारण त्यांना अटलांटिक ओलांडायचा होता, तोही इंधनासकट 5 किलोच्या आतल्या विमानानं. त्यांनी निवडलं कमी इंधन पिणारं, 10 सीसीचं जपानी फोर-स्ट्रोक इंजिन. आधीचे प्रयत्न फसले. 9 ऑगस्ट 2003 ला न्यूफाउंडलंडहून विमान पुन्हा सुटलं. मधला समुद्र ऑटोपायलटच्या भरवशावर. इंजिन एकदा जरी बंद पडलं असतं, तर सगळं पाण्यात! पण 38 तास 52 मिनिटांनी ते आयर्लंडमध्ये उतरलं. हिल तेव्हा 77 वर्षांचे होते, दृष्टी जवळजवळ गेलेली.