'डिस्को दिवाने' : दोन भावंडांची पहिली तबकडी

कांहीं तबकड्यांचें नशीबच असें असतें, कीं जाणत्यांनीं त्यांना नाकें मुरडावींत आणि घरांतल्या मुलांनीं त्या झिजेपर्यंत वाजवाव्यात. १९८१ सालीं निघालेली 'डिस्को दिवाने' ही त्यांपैकीं एक होय. गाणारीं सख्खीं भावंडें : नाझिया हसन सोळाच्या घरांत, आणि झोहेब तिच्याहून लहान. जन्म कराचीचा, बालपण बरेंचसें लंडनमधलें, संगीतकार बंगलोरचा, आणि मोठा श्रोतृवर्ग हिंदुस्थानांत ! इतक्या गांवांचें पाणी एका घड्यांत क्वचितच पडतें.

या तबकडीची पूर्वपीठिका मुंबईच्या चित्रसृष्टींत आहे. फिरोज खान यांना लंडनमध्यें ही मुलगी भेटली आणि 'कुर्बानी'साठीं तिच्याकडून एक गाणें घेण्याचें त्यांनीं ठरविलें. चित्रपटाचें संगीत कल्याणजी-आनंदजींचें. तें एकच गाणें मात्र बिद्दू यांनीं बांधलें. बिद्दू बंगलोर सोडून विलायतेला गेलेले, आणि १९७४ च्या 'कुंग फू फाइटिंग'मुळें तिकडे नांवारूपाला आलेले. १९८० सालीं चित्रपट लागला, तेव्हां नाझिया पंधरा वर्षांची होती. पार्श्वगायनाचें 'फिल्मफेअर' पारितोषिक तिलाच मिळालें. १९६५ सालीं दोन्ही देश युद्धांत उतरले, त्याच वर्षीं जन्मलेल्या कराचीच्या मुलीचा हा मुंबईंतला गौरव आहे, हें विसरूं नये.

या यशानंतर चित्रपटाचा आधार सोडून बिद्दूंनीं दोघां भावंडांची स्वतंत्र तबकडी काढली. चित्रपटाबाहेरचें गाणें आपल्याकडे इथूनच सुरू झालें, असें कोणी कोणी लिहितात. तें खरें नव्हे. गजानन वाटव्यांचीं भावगीतें ऐकलेल्या मराठी घराला तरी तसें सांगूं नये. नवें होतें तें निराळेंच. पडद्यावरच्या नटीला आवाज उसना देण्याऐवजीं गाणारी मुलगी आपल्याच नांवानें आणि आपल्याच चेहऱ्यानें पुढें आली. शिवाय तें गाणें बसून ऐकण्याचें नव्हतें, उठून नाचण्याचें होतें.

गंमत अशी, कीं अमेरिकेंत तोंवर डिस्कोचा बहर ओसरला होता. १९७९ सालीं शिकागोच्या एका क्रीडांगणावर त्या तबकड्यांचा ढीग सुरुंगानें उडविण्यांत आला होता. तेथें जें शिळें झालें, तें येथें ताजें म्हणून वाढलें गेलें. यावरून कोणी हंसेल. पण आपल्या रंगभूमीचें ऑर्गनही विलायतेहूनच आलें, आणि तें येथें रुजलेंच ना?

तबकडीचे दोष उघड आहेत. शब्दांना खोली नाहीं, ठेका एकसुरी आहे, आणि नाझियाच्या आवाजाचा पल्लाही बेताचाच. लता-आशांच्या तयारीशीं त्याची तुलना करणें म्हणजे दोघींवरही अन्याय होय. परंतु त्या आवाजांत किंचित् अनुनासिक, अलिप्त असा एक गोडवा आहे. ती मुलगी कोणाची नक्कल करीत नाहीं, मोठ्या बाईसारखें गाण्याचा आव आणीत नाहीं. प्रस्तुत लेखकाला तबकडीचें खरें मोल येथेंच वाटतें. बाकीचें काम पुष्कळसें ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांचें आहे.

पाकिस्तानांत तेव्हां जनरल झिया उल हक यांची लष्करी राजवट होती. दूरचित्रवाणीवरील पोशाख व नृत्य यांवर कडक नजर असे. त्याच देशांतलीं दोन शाळकरी वयाचीं मुलें नाचाचीं गाणीं गात होतीं, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना तीं ऐकलीं जात होतीं. सैन्यांना जें अडवितां येतें, तें गाण्याला लागू पडत नाहीं, असें म्हणण्याचा मोह होतो. पण गाण्यामुळें सीमा हलली नाहीं, हेंही तितकेंच खरें.

पुढें दोघांच्या आणखी चार तबकड्या निघाल्या. शेवटची १९९२ सालीं. नाझियानें कायद्याचा अभ्यास केला, कांहीं काळ संयुक्त राष्ट्रसंघांत काम केलें, आणि १३ ऑगस्ट २००० रोजीं लंडनमध्यें कर्करोगानें, अवघ्या पस्तिसाव्या वर्षीं, ती वारली. २०१२ सालच्या एका हिंदी चित्रपटांत तें जुनें गाणें नव्या साजांत पुन्हा आलें. त्यांत इतर गायकांच्या जोडीला तिचा तो सोळा वर्षांचा आवाज तसाच ठेवला आहे.