युक्का यालोनेन: एका प्रशिक्षकाची कारकीर्द आणि फिनलंडची पूर्व सीमा

आज आपण ज्या माणसाबद्दल बोलणार आहोत, त्याचं नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसणार. युक्का यालोनेन. जन्म १९६२, गाव रीहिमाकी, दक्षिण फिनलंड. आधी आइस हॉकीचे खेळाडू, मग प्रशिक्षक. खेळाडू म्हणून त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फिनलंडबाहेर त्यांचा खेळ कुणाच्या लक्षात नाही. मग इतिहासाच्या व्याख्यानात ते कशाला, असं तुम्ही विचाराल. तर त्यांची प्रशिक्षकपदाची वर्षं आणि फिनलंड-रशिया संबंधांची अलीकडची वर्षं एकमेकांवर ठेवून पाहिली, की एका शेजाराची गोष्ट फार जवळून दिसते. म्हणून.

थोडी पार्श्वभूमी लागेल. फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख. १८०९ ते १९१७ हा देश रशियन साम्राज्याचा भाग होता. १९३९-४० च्या कडाक्याच्या थंडीत सोव्हिएत संघाशी युद्ध झालं, त्यात प्रदेश गमवावा लागला. आज दोघांमधली सीमा १,३०० किलोमीटरहून लांब आहे. शेजारी बदलता येत नाही, मग त्याच्याशी जमवून घ्यायचं, पण सावध राहायचं, हे तिथलं कित्येक दशकांचं धोरण.

आता खेळाकडे. यालोनेन यांचं पहिलं मोठं यश २००६ चं. हामेनलिना या लहानशा शहराच्या एचपीके क्लबला त्यांनी देशाचं अजिंक्यपद मिळवून दिलं, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच. २००८ मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला. २०१० ला व्हँकुव्हर ऑलिंपिकचं कांस्य, आणि २०११ ला ब्रातिस्लाव्हामध्ये विश्वविजेतेपद. अंतिम सामन्यात स्वीडनला ६-१ असं हरवलं. पण लोकांच्या आठवणीत राहिला तो उपांत्य सामना, रशियाविरुद्धचा, ३-० चा. मिकाएल ग्रानलुंड या तरुण पोरानं गोलच्या मागे उभं राहून पक, म्हणजे ती रबराची चकती, स्टिकच्या पात्यावर चक्क उचलून घेतली आणि हवेतूनच आत टाकली. त्या गोलचं टपाल तिकीट निघालं! रशियाविरुद्धच्या गोलचं. यातलं सुख समजायला फिनिश असावं लागत नाही, आपल्यालाही शेजाऱ्याविरुद्धचे षटकार पाठ असतात.

आणि पुढच्याच वर्षी काय होतं? २०१२ मध्ये हेच यालोनेन सेंट पीटर्सबर्गच्या एसकेए क्लबचे प्रशिक्षक होतात. एसकेए या अक्षरांचा अर्थच मुळी सैन्याचा क्रीडा क्लब. फिनलंडचा राष्ट्रीय प्रशिक्षक, ते पद हातात असतानाच, सोव्हिएत सैन्याच्या नावानं सुरू झालेल्या क्लबला शिकवतोय, आणि कुणाला त्यात फार वावगं वाटत नाही. आपण थांबून बघायला हवं ते इथं. हेलसिंकी ते सेंट पीटर्सबर्ग 'अलेग्रो' नावाची वेगवान रेल्वे २०१० च्या डिसेंबरात सुरू झाली होती, साडेतीन तासांचा प्रवास. २०१४ मध्ये तर हेलसिंकीचा योकेरित क्लब फिनिश लीग सोडून रशियाच्या केएचएल लीगमध्येच गेला. त्याच वर्षी रशियानं क्रिमिया घेतला होता, तरीही गेला. पुढे २०१६ ते २०१८ या योकेरितचेही प्रशिक्षक यालोनेनच. मधल्या काळात, २०१६ च्या जानेवारीत, त्यांनी हेलसिंकीत वीस वर्षांखालील मुलांना जगज्जेते केलं. अंतिम सामन्यात समोर कोण? रशिया. जादा वेळेत ४-३.

२०१८ ला राष्ट्रीय संघ पुन्हा त्यांच्याकडे आला. २०१९ च्या विश्वस्पर्धेत अमेरिकेतल्या एनएचएल लीगमध्ये खेळणारे बहुतेक फिनिश तारे आलेच नाहीत. कर्णधार मार्को आन्तिला, सहा फूट आठ इंचांचा गडी, टोपणनाव 'मोर्को', म्हणजे साधारण आपला बागुलबुवा. योकेरितमध्ये यालोनेन यांच्याच हाताखाली खेळलेला. उपांत्य फेरीत रशियाकडे ओवेच्किन, माल्किन, कुचेरोव्ह. शिवाय कोवालचुक, जो एसकेएमध्ये यालोनेन यांचाच खेळाडू होता. फिनलंड १-० नं जिंकला, गोल बागुलबुवाचा. यात चमत्कार कमी आणि शिस्त जास्त होती, असं आम्हाला वाटतं. पाचही जणांनी मागे येऊन बचाव करायचा, घाई करायची नाही, समोरच्याला कंटाळा आणायचा. दिसायला सुंदर नाही. पण समोरच्या माणसाला आतून ओळखणाऱ्याचा हा खेळ आहे. अंतिम सामन्यात कॅनडाला ३-१.

मग येतं २०२२. २० फेब्रुवारी, बीजिंग. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात फिनलंडनं रशियन ऑलिंपिक समितीच्या संघाला २-१ हरवलं. आइस हॉकीतलं फिनलंडचं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. सामना संपल्यावर रिवाजाप्रमाणे दोन्ही संघांनी हात मिळवले. चारच दिवसांनी, २४ तारखेला, रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या. २५ ला योकेरितनं केएचएल सोडली. २८ ला आंतरराष्ट्रीय महासंघानं रशिया आणि बेलारूसवर बंदी घातली. मार्चअखेर अलेग्रो थांबली. हेलसिंकीतलं मोठं हॉकी स्टेडियम रशियन मालकांचं होतं. त्यांच्यावर निर्बंध आले आणि तेही बंद पडलं.

मे महिन्यात विश्वस्पर्धा फिनलंडमध्येच होती. हेलसिंकीचे सामने जुन्या आइस हॉलमध्ये भरले, बाकीचे ताम्पेरेत. १८ मे रोजी, स्पर्धा चालू असतानाच, फिनलंडनं नाटोच्या सदस्यत्वासाठी अर्ज दिला. २९ मे रोजी ताम्पेरेत अंतिम सामना: फिनलंड ३-१ नं पुढे, शेवटच्या मिनिटांत कॅनडाची बरोबरी, आणि जादा वेळेत साकारी मान्निनेनचा गोल. ४-३. एकाच वर्षात ऑलिंपिक आणि विश्वविजेतेपद दोन्ही, आणि या दुसऱ्या स्पर्धेत रशिया नव्हताच.

२०२३ च्या एप्रिलमध्ये फिनलंड नाटोत गेला, डिसेंबरात पूर्वेकडच्या सीमेवरची रस्त्याची नाकी बंद झाली. मैदानावर मात्र ती दोन वर्षं तेवढी गेली नाहीत. दोन्ही वेळा उपांत्यपूर्व फेरीतच गाडी अडली, २०२४ ला तर स्वीडनकडून जादा वेळेत. त्यानंतर यालोनेन यांनी राष्ट्रीय संघ सोडला.