बोर्डिंगचा इतिहास म्हणजे स्वयंपाकघराचा इतिहास

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या कोल्हापुरात विजेच्या खांबांवर कागद चिकटायला लागतात. 'कॉट बेसिसवर रूम मिळेल', 'घरगुती मेस', 'फक्त मुलींसाठी'. चंदगड, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडून आलेले आईबाप पोराला घेऊन ऊन-पावसात हे कागद वाचत फिरतात. कॉलेजची फी कशी तरी भरलेली असते. अडतं ते राहण्या-जेवण्यापाशी.

हा प्रश्न नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच शहरात तो असाच उभा होता आणि याच शहराने त्याला उत्तर दिलं होतं. कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात ते उगीच नाही. जयंतीच्या भाषणात हे वाक्य दरवर्षी येतं, टाळ्या पडतात आणि विषय संपतो. पण ते उत्तर नेमकं काय होतं, हे आज समजून घ्यायची वेळ आली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण वाचा.

आधी एक साधा प्रश्न. बोर्डिंगं नव्हती तेव्हा गरीब पोरं शहरात शिकायची कशी?

शिकायची. पण सगळी नाही. ब्राह्मण समाजात गरीब विद्यार्थ्यासाठी एक जुनी सोय होती: वार लावून जेवणं आणि माधुकरी. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरी लागले की आठवडा निघाला. झोपायला कुणाची तरी ओसरी किंवा देऊळ. त्यात मानहानी होती, उपासमारही होती. तिथली हालअपेष्टा कमी लेखायचं कारण नाही. पण सोय होती. म्हणजे इमारत नसलेलं एक वसतिगृहच अख्ख्या शहरात पसरलेलं होतं.

आता विचार करा, शेतकऱ्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या किंवा महाराच्या पोराला हे वार कोण लावणार? शहरात त्याच्या जातीची शिकली-सवरलेली, चार पैसे बाळगून असलेली घरं मुळात किती? खाणावळीत त्याला कुठे बसवणार? भाड्याने खोली मागायला गेला की पहिला प्रश्न जातीचा. शाळेचा दरवाजा कायद्याने उघडा झाला, तरी संध्याकाळी भाकरी कुठे खायची याचं उत्तर नव्हतं. पोरं शाळेत कमी पडत नव्हती. ती शाळा सुटल्यावर कमी पडत होती.

शाहू महाराजांना हे फार लवकर कळलं. १८९४ साली राज्यकारभार हातात आला आणि १८९६ मध्ये राजाराम कॉलेजला जोडून सगळ्या जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह निघालं. कागदावर उत्तम कल्पना. प्रत्यक्षात काय झालं? तिथे ब्राह्मण विद्यार्थ्यांचंच प्राबल्य राहिलं. नियमाने बंदी कुणालाच नव्हती. पण ज्या व्यवस्थेत पंगतच एक होऊ शकत नाही, तिथे 'सगळ्यांसाठी' याचा अर्थ 'जे आधीपासून आहेत त्यांच्यासाठी' असा होतो. ही गोष्ट आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग महाराजांनी वाट बदलली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतः घेतलं आणि त्यातून मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. हे नाव मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचं. पुढे लिंगायत, शिंपी समाजाचं नामदेव बोर्डिंग, सारस्वत, ख्रिश्चन अशी रांगच लागली. दसरा चौकात उभं राहून चौफेर बघा. महाराजांचा पुतळा मध्ये आणि भोवतीने ही बोर्डिंगं. एका शहराचं शैक्षणिक धोरण असं उघड्यावर मांडून ठेवलेलं दुसरीकडे सापडणं कठीण.

पद्धत सरळ होती. दरबाराने जागा द्यायची, इमारतीला आणि खर्चाला मदत करायची. पण चालवायचं त्या त्या समाजाने. समिती त्यांची, वर्गणी त्यांची, आचारी त्यांचा, जबाबदारी त्यांची. १९०२ साली महाराजांनी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, हे आपल्याला पाठ असतं. पण त्या जागांवर बसायला शिकलेली पोरं लागणार होती. ती तयार होण्याची जागा म्हणजे ही बोर्डिंगं. आरक्षणाचा हुकूम आणि बोर्डिंगचा मुदपाकखाना या एकाच कामाच्या दोन बाजू होत्या.

आता एक आक्षेप नेहमी येतो. कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच घेतो. "जातवार बोर्डिंगं काढून महाराजांनी जाती पक्क्या नाही का केल्या?"

प्रश्न चुकीचा नाही. पण १८९६ चा अनुभव समोर ठेवून विचारा. एकत्र बोर्डिंग काढून बघितलं होतं, ते चाललं नाही. आईबाप पोराला पाठवायला तयार होणार ते 'आपल्यातलं' ताट असेल तरच. महाराजांनी जात मान्य केली म्हणून बोर्डिंगं काढली असं नाही. पहिली पिढी शाळेत टिकवायची होती आणि तोपर्यंत जात मोडण्याची वाट बघत बसायला वेळ नव्हता. मात्र या उपायाची एक मर्यादा होती, आणि ती दाखवून देणारा मुलगा याच बोर्डिंगांमधून बाहेर पडला.

तो मुलगा म्हणजे कुंभोजचे भाऊराव पाटील. शिकायला कोल्हापुरात, राहायला जैन बोर्डिंगमध्ये. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर विटाळ गेला पाहिजे म्हणून आंघोळ करून ये, असं सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. ही हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. नीट बघा, भांडण कशावरून? अभ्यासावरून नाही, फीवरून नाही. आत येऊन पंगतीला बसायचं तर आधी शुद्ध हो, यावरून.

पुढे १९१९ साली कराडजवळच्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. इथे त्यांनी ठरवून तीच गोष्ट उलटी केली. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली, एका चुलीवर, एका पंगतीत. पोरांनीच पाणी भरायचं, पोरांनीच स्वयंपाक करायचा, भांडी घासायची, शेतात राबायचं आणि मग अभ्यास. नोकर ठेवायला पैसे नव्हते हे खरं, पण कारण तेवढंच नव्हतं. महाराच्या पोराने थापलेली भाकरी मराठ्याच्या पोराने आणि मराठ्याच्या पोराने वाढलेली आमटी महाराच्या पोराने रोज दोन वेळा खाल्ली, की वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. १९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधी साताऱ्यात आले तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव दिलं गेलं. ज्या राजाने जातवार बोर्डिंगं काढली, त्याच राजाचं नाव सर्वजातीय बोर्डिंगला. यात विरोध नाही. पहिली पायरी आणि दुसरी पायरी, इतकंच.

हे चाललं कशावर? मुष्टिफंडावर. गावोगावच्या बायकांनी दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि ते बोर्डिंगला पोचायचं. आणि चाललं ते लक्ष्मीबाईंवर. भाऊरावांच्या पत्नीने पोरांच्या धान्यासाठी अंगावरचे दागिने एकेक करून दिले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या गेल्या. रयतच्या इमारतींवरच्या कोनशिला आपण वाचतो. पण या संस्थेचा पहिला पाया स्वयंपाकघरात घातला गेला आणि तो एका बाईने घातला, हे विसरू नये. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झालेले बॅरिस्टर पी. जी. पाटील याच बोर्डिंगचे विद्यार्थी.

हीच धडपड इतरत्रही चालू होती. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा अगदी सुरुवातीच्या कामांत १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला काढलेलं वसतिगृह होतं. शाळा-कॉलेजं पुढे झाली. आधी राहण्या-जेवणाची सोय. पुणे कराराची आठवण म्हणून भाऊरावांनी १९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग काढलं. मुलींचा विचार केला तर चित्र फारच विरळ. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ चं, कर्व्यांची हिंगण्याची झोपडी १९०० ची. कोल्हापूर-साताऱ्याच्या या सुरुवातीच्या काळातली बहुतेक बोर्डिंगं मुलांचीच होती, हेही सांगितलं पाहिजे.

मी स्वतः अकरावीपासून पदवीपर्यंत एका बोर्डिंगात राहिलो. नाव लिहीत नाही. खोलीत चौघं, चार लोखंडी कॉट, एक ट्यूब. आमची मेस पोरंच चालवायची. दर महिन्याला नवा मेस सेक्रेटरी. तो लक्ष्मीपुरीतून धान्य आणणार, भाजीचा हिशेब वहीत लिहिणार आणि महिनाअखेरीला ती वही सगळ्यांसमोर ठेवणार. गावाला गेलात तर खाडा मांडायचा, नाहीतर पैसे कापले जायचे. रविवारी फिस्ट. आमटी पातळ झाली म्हणून भांडणं व्हायची, ती मिटवायलाही आम्हीच. एकाच्या घरून मनिऑर्डर आली नाही तर त्याचं नाव वहीत 'बाकी' म्हणून जायचं, पण ताट वाढलं जायचं. सार्वजनिक पैसा म्हणजे काय, हे मी नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नाही, त्या वहीत शिकलो. पुढे ती मेस बंद झाली. कारण सांगितलं, परवडत नाही.

आणि आता आजच्या मुद्द्यावर येतो.

गेल्या काही वर्षांत सरकारची दिशा बदलली आहे. वसतिगृह बांधण्याऐवजी विद्यार्थ्याच्या खात्यात पैसे. २०१६-१७ पासून अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आली. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर मोठ्या शहरात वर्षाला ६० हजार, लहान ठिकाणी त्याहून कमी. इतर समाजांसाठीही अशाच योजना आल्या. आदिवासी वसतिगृहांत तर २०१८ मध्ये मेसऐवजी जेवणाचे पैसे खात्यावर द्यायचा निर्णय झाला. तेव्हा आदिवासी पोरं-पोरी त्याच्या विरोधात पुण्याहून नाशिककडे चालत निघाली होती. बातमी दोन दिवस चालली आणि विरली. ती पोरं काय मागत होती? पैसे नको, आमचं स्वयंपाकघर चालू ठेवा.

पैसे मिळणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला काहीच मिळत नव्हतं त्याला ६० हजार म्हणजे आधारच. पण हिशेब करा. हप्ता सत्र संपता संपता येतो. घरमालक आणि मेसवाला पहिल्या तारखेला मागतो. मधले महिने उधारीवर. पोरगं घरी सांगत नाही, एक वेळचा डबा बंद करतं. आणि पैसे हातात असले तरी खोली मिळेलच असं नाही. "आडनाव काय?" हा प्रश्न आजही दारातच विचारला जातो. १९०० साली विचारला जायचा तोच. फरक एवढाच की तेव्हा त्या पोराच्या मागे एक संस्था उभी राहिली, आज त्याच्या मागे एक बँक खातं आहे.

खात्यात पैसे आले की पोरगं ग्राहक होतं. बोर्डिंगात ते सभासद होतं. वरचा सीनियर पुस्तकं देतो, फॉर्म कसा भरायचा सांगतो, आजारी पडलं तर दवाखान्यात नेतो, शेजारच्या कॉटवरचा दुसऱ्या जातीचा पोरगा आयुष्यभराचा मित्र होतो. हे साठ हजारांत विकत मिळत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. खात्यात पैसे द्या, पण वसतिगृहातल्या जागा वाढवण्याच्या बदल्यात नको. जिथे वसतिगृह आहे तिथली मेस बंद करू नका. ती चालवण्यात पोरांना घ्या, हिशेबाची वही भिंतीवर लावा. आणि गावोगावी जी जुनी बोर्डिंगं आहेत, त्यांच्या विश्वस्तांना त्या त्या समाजाच्या लोकांनी विचारावं: आज किती पोरं राहतात? किती मुली राहतात? चूल पेटते का? आपल्या आज्या-पणज्यांची मूठमूठ त्यात गेली आहे. विचारायचा हक्क आपला आहे.

तुमच्या तालुक्यात असं बोर्डिंग असेल, तुम्ही तिथे राहिला असाल, तर कमेंटमध्ये दोनच गोष्टी लिहा. तुम्ही होता तेव्हा पंगतीला किती पोरं बसायची, आणि आज किती बसतात. यादी झाली की पुढच्या महिन्यात समाजकल्याण कार्यालयात घेऊन जाऊ.