बिनतारी प्रवेशबिंदूची ओळख

संगणकाचा रेडिओ तरंगांच्या द्वारे जाळ्याशी संबंध जोडून देणाऱ्या उपकरणास प्रवेशबिंदू म्हणतात. परिसरातील अनेक बिंदूंपैकी संगणक नेमक्या कोणत्या बिंदूशी जोडलेला आहे, हे ठरविणे म्हणजे त्याची ओळख होय. तार कोठे जाते हे डोळ्यांनी पाहता येते. बिनतारी जोडणीत मात्र बिंदूने स्वतःविषयी दिलेल्या माहितीवर विसंबावे लागते.

इतिहास : हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘आलोहा’ जाळ्यात सर्व केंद्रे एकाच मध्यवर्ती केंद्राशी जोडलेली असल्याने हा प्रश्न उद्‌भवला नाही. त्यापासून स्फूर्ती घेऊन रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ पासून ईथरनेट ही तारेची पद्धती विकसित केली. तीत आरंभी ८ द्विमान अंकांचा पत्ता होता. १९८० च्या विनिर्देशात तो ४८ अंकांचा करण्यात आला. त्यातील पहिले २४ अंक निर्मात्याचे व उरलेले त्या उपकरणाचे निदर्शक असतात.

आयईईई या अमेरिकेतील अभियंत्यांच्या संस्थेने १९९७ मध्ये संमत केलेल्या ८०२.११ या बिनतारी मानकाने हाच पत्ता स्वीकारला. या मानकानुसार जाळ्याला मालकाने ठेवलेले, कमाल ३२ अष्टकांचे नाव असते व बिंदूला ४८ अंकी क्रमांक असतो. बिंदू या दोहोंची सामान्यतः सेकंदाला सुमारे दहा वेळा घोषणा करतो. मोठ्या इमारतीत अनेक बिंदूंना एकच नाव देतात आणि संगणक क्षीण बिंदू सोडून प्रबळ बिंदूकडे आपोआप वळतो. त्यामुळे नाव तेच राहून बिंदू बदलतो. नेमका बिंदू ठरविण्यासाठी संगणकातील जोडणीच्या तपशिलात दिसणारा क्रमांक, कोणता बिंदू कोठे बसविला आहे याच्या नोंदीशी ताडून पाहावा लागतो.

मर्यादा : नाव व क्रमांक उघडपणे प्रसारित होत असल्याने दोहोंची नक्कल करता येते. अशा तोतया बिंदूस ‘दुष्ट जुळा’ म्हणतात. मूळ मानकातील ‘वेप’ या संरक्षण योजनेत बिंदूने आपली सत्यता संगणकाला पटवून देण्याची तरतूद नव्हती. शिवाय स्कॉट फ्लूरर, इट्सिक मँटिन व आदी शामीर यांनी २००१ मध्ये तिच्या सांकेतिक लिपीतील दोष दाखवून दिले. २००४ च्या ८०२.११आय या सुधारणेनुसार दोन्ही बाजूंना गुप्त किल्ली आपणास ठाऊक असल्याचे ती उघड न करता सिद्ध करावे लागते. संस्थांच्या जाळ्यांत त्यासाठी बहुधा अंकीय प्रमाणपत्र वापरतात. परवलीच्या शब्दाविना खुल्या ठेवलेल्या जाळ्यात मात्र अशी परीक्षा होत नाही. तेथे क्रमांक जुळला, तरी बिंदू खरा असल्याची खात्री देता येत नाही.