कशेडीच्या पावसात परसातली कोंबडी

कशेडी घाटाच्या परिसरात परसातल्या कोंबडीला थंडीपेक्षा ओल जास्त मारते. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. घाटमाथ्यावर महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री या दिवसांत दुथडी भरून वाहते, घाटात दिवसदिवस धुके उतरते आणि कपडे वाळत नाहीत. तरी हवा फार गार होत नाही. कोंबडीच्या अंगाचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि ते टिकते पिसांमध्ये कोंडलेल्या कोरड्या हवेमुळे. बदकाच्या पिसांवरून पाणी जसे ओघळून जाते तसे कोंबडीच्या पिसांवरून जात नाही. थोड्या सरीचे तिला काही वाटत नाही, पण झड लागली की पिसे चिकटतात, मधली हवा निघून जाते आणि २४-२५ अंशांतही पक्षी काकडतो. पिलांचे हाल त्याहून वाईट. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. म्हणून या भागातल्या कोंबडीपालनाचा इतिहास हा मुख्यतः कोंबडी कोरडी ठेवण्याचा इतिहास आहे.

जुन्या काळी कोंबड्यांसाठी वेगळे घर बांधण्याची रीत या भागात फारशी नव्हती. कोंबडी माणसांच्या आणि गुरांच्या छपराखालीच राहत असे. पावसाआधी, आगोटीच्या दिवसांत, गवताने किंवा पेंढ्याने छपराची शाकारणी होई. पडवीच्या उघड्या बाजूला झड अडवण्यासाठी तट्टे बांधले जात. पडवीच्या कोपऱ्यात किंवा गोठ्यात खुराडे असे आणि तेही नसले तर बांबूच्या कामट्यांचे डालगे. रात्री कोंबड्या डालग्याखाली डालायच्या आणि सकाळी सोडायच्या, हे काम बहुधा घरातल्या बाईचे किंवा पोरांचे. गोठ्यात गुरांची ऊब मिळे. चुलीचा धूर घरभर फिरून छपरातून बाहेर पडे, त्यामुळे आतली हवा कोरडी राही आणि पिसवा-गोचिडांचा उपद्रव काहीसा कमी होई. खुराड्यात चुलीतली राख पसरण्याची पद्धतही याच घरांतली. राख ओल शोषते आणि कोंबड्या तिच्यात लोळून अंगावरच्या उवा झाडतात.

मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना सुरू केला. पुढे मंगळुरी कौले कोकणभर पसरली आणि गवती छपरे हळूहळू मागे पडली. कौलांमुळे दरवर्षीच्या शाकारणीचा खर्च वाचला आणि आगीची भीती कमी झाली. कोंबड्यांच्या दृष्टीने मात्र फार काही बदलले नाही, कारण चूल आणि गोठा जिथल्या तिथेच होते.

राहण्याच्या जागेइतकेच महत्त्व वेळापत्रकाला होते. गावठी कोंबडी एका पाळीत दहा-पंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसते. थंडी सरताना आणि उन्हाळ्याच्या तोंडी तिला अंड्यांवर बसवले, तर २१ दिवसांनी निघालेली पिल्ले मृगाच्या पावसापर्यंत पिसे भरून बऱ्यापैकी मोठी होतात. ऐन आषाढात निघालेल्या पिलांपैकी थोडीच जगतात. म्हणून पावसाच्या दिवसांत खुडूक झालेली कोंबडी उठवण्याकडे कल असे. तिला गार पाण्यात बुडवणे किंवा नाकपुडीत पीस खोवणे हे त्यासाठीचे उपाय. आजच्या नजरेला हे कठोर वाटते, पण त्यामागचा हिशेब चुकीचा नव्हता. कोंबडी तीन आठवडे बसणार, पिल्ले ओलीत मरणार आणि त्या काळातली अंडीही जाणार, म्हणजे तिन्हीकडून तोटा.

शेतीचे वेळापत्रकही आड येई. भाताचा तरवा पेरल्यावर कोंबड्या मोकळ्या सुटल्या की दाणे उकरून टाकतात, म्हणून पेरणीच्या दिवसांत त्यांना डालून ठेवावे लागे. शेजाऱ्याच्या तरव्यात कोंबड्या शिरणे हे भांडणाचे हमखास कारण. उलट पहिल्या पावसानंतर वारुळांतून उठणारी पंखवाली वाळवी हा कोंबड्यांचा फुकटचा आणि सकस खाऊ. एरवी त्यांना मिळे ते भाताची कणी, कोंडा आणि खरकटे.

लावणी उरकली की शेताच्या रक्षणकर्त्या देवाला राखण म्हणून कोंबडा देण्याची चाल कोकणात आहे. श्रावण लागण्याआधी कोंबडीचे जेवण होते आणि भाद्रपदात रायगड-रत्नागिरीतल्या अनेक घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. गिरणीत नोकरीला गेलेले चाकरमानी याच वेळी मुंबईहून गावी येत. म्हणजे पक्ष्याची मागणी सर्वाधिक तेव्हाच, जेव्हा तो जगवणे सर्वांत अवघड. पावसाळा तरलेल्या कोंबड्याला किंमत येई ती यामुळेच, आणि तो पैसा बहुधा घरातल्या बाईच्या हाती राही.

या साऱ्या शहाणपणाला एक मोठी मर्यादा होती, ती म्हणजे साथ. दोन-तीन दिवसांत गावातली खुराडी रिकामी करणारी मानमोडी कोणत्याही छपराने अडत नव्हती. हा रोग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडात न्यूकॅसल येथे ओळखला गेला. भारतात तो १९२७ मध्ये कुमाऊंतील राणीखेत येथे नोंदला गेला आणि इथे त्याला तेच नाव पडले. लस तयार झाली ती मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संस्थेत. ही संस्था मुळात १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली होती आणि नंतर हिमालयात हलवली गेली. पुढे पुण्यात औंध येथे पशुवैद्यकीय लशींचे उत्पादन होऊ लागले.

लस डोंगरातल्या वाडीपर्यंत पोहोचवणे मात्र निराळेच काम होते. ती बर्फात न्यावी लागते, पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते आणि एका कुपीत सहसा शंभर किंवा अधिक मात्रा असतात. एका घरी पाच-सात कोंबड्या. सगळ्या वाडीने एकाच सकाळी कोंबड्या डालून ठेवल्या, तरच कुपी कारणी लागते. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि दोन महिन्यांनंतर आर-टू-बी लशीचे इंजेक्शन, हे सारे पावसाच्या आधी उरकणे, याने जितक्या कोंबड्या वाचल्या तितक्या दुसऱ्या कशानेही वाचल्या नसतील.

स्वातंत्र्यानंतरच्या सरकारी योजनांचा भर जात सुधारण्यावर होता. व्हाइट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड हे पक्षी खेड्यांत आले. लेगहॉर्न अंडी भरपूर घालते, पण खुडूक होत नाही, म्हणजे घरच्या घरी तिची पुढची पिढी निघत नाही. तिला मोजून खाद्य आणि कोरडा निवारा लागतो. डोंगराळ, ओल्या मुलखात परसात मोकळी सोडण्यासाठी ती निवड चुकीची होती, असेच म्हणावे लागते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादच्या संशोधन संचालनालयाची वनराज हे नंतरचे पक्षी परसासाठीच तयार केलेले आहेत. ते रंगीत, काटक आणि वजनदार असले, तरी त्यांची पिल्ले उबवणी केंद्रातूनच आणावी लागतात आणि पहिले काही आठवडे दिव्याखाली उबेत ठेवावी लागतात. वीज गेलेली आषाढातली एक रात्र त्या पिलांना पुरते.

बंदिस्त शेड आली तेव्हा ओलीचा प्रश्न नव्या रूपात समोर आला. जमिनीवर भाताच्या तुसाची गादी घालण्याची पद्धत इथे सोयीची ठरली, कारण भातगिरण्यांमुळे तूस मुबलक. पण ती ओली झाली की विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे झोंबतात, श्वासाचे रोग बळावतात. ओल आणि ऊब एकत्र आली की रक्ती हगवणीचे जंतू वाढीला लागतात. त्यावर उपाय म्हणजे तूस रोज खालीवर करणे, गोळे झालेला भाग काढून टाकणे, थोडा चुना मिसळणे आणि पाण्याची भांडी सांडणार नाहीत अशी उंचावर ठेवणे.

नवशिक्यांकडून सर्रास होणारी चूक म्हणजे झड अडवण्यासाठी शेड चारही बाजूंनी प्लॅस्टिकने घट्ट बंद करणे. त्याने पाऊस थांबतो, पण आतली दमट हवा कोंडते आणि पत्र्याला आतून पाणी सुटून तेच तुसावर ठिबकते. जाणते लोक पडदा खालून वर ओढून बांधतात आणि छपराखाली वीतभर फट मोकळी ठेवतात. छपराची पागोळी भिंतीपासून तीन-चार फूट पुढे काढतात आणि जोते जमिनीपासून दीड-दोन फूट उचलतात, म्हणजे डोंगराकडून येणारे पाणी आत शिरत नाही.